नदी कोणत्या सणापर्यंत

आमच्या गावात नदीची लांबी-रुंदी कुणी सांगत नसे. नदी कोणत्या सणापर्यंत वाहते, ते सांगत. माझा आज्जा म्हणायचा, "तेरणा शिमग्यापत्तोर वाहायची. धुळवडीचा रंग आम्ही नदीतच धुवायचो." हे रजाकाराच्या आधीचं, निजामाच्या राज्यातलं. माझ्या वडिलांच्या उमेदीत नदी येळवसेपर्यंत आली. मार्गशीर्षातली ती अमावास्या, कडब्याची कोप, आंबिलाचं बिंदगं आणि भज्जीचा वास. त्या दिवशी रानात जाताना नदी ओलांडायची, तर घोटाभर तरी पाणी पायाला लागायचं. आता चांगलं पाऊसमान झालं, तर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नदीत धार असते. तुळशीच्या लग्नाला ती डबक्या-डबक्यांची होते. त्यानंतर उरते ती नुसती वाळू, आणि आता तर वाळूसुद्धा कुठं उरलीय!

तीन पिढ्यांत शिमगा, येळवस आणि दिवाळी. नदी चार-साडेचार महिन्यांनी आखडली. पाऊस तेवढा आखडलेला नाही. मग पाणी गेलं कुठं? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं छळतोय. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी ही नदी येते कुठून, ते बघावं लागतं.

तेरणा उगम पावते वाशी तालुक्यात तेरखेड्याच्या बाजूला, बालाघाटाच्या माळावर. उगम म्हटलं की लोकांना गोमुख, कुंड, देऊळ आठवतं. इथं तसं काही नाही. माळाच्या घळी, त्यातनं आलेले ओढे, ओढ्यांची झालेली नदी. तिथून ती पूर्वेला आणि आग्नेयेला उतरते. तेरला वळसा घालते, लोहारा तालुक्यात माकणीला धरणात शिरते, सास्तूर-किल्लारीच्या शिवारातनं पुढं जाते आणि निलंगा तालुक्यात औराद शहाजानीच्या बाजूला मांजरेला मिळते. मांजरा कर्नाटक-तेलंगणात मोठा वळसा घेऊन उत्तरेकडं तोंड फिरवते आणि कंदकुर्तीला गोदावरीत पडते. म्हणजे तेरखेड्याच्या माळावर पडलेला थेंब शेवटी त्र्यंबकेश्वराहून, नाशिकहून आलेल्या गोदावरीच्या गळ्यात गळा घालतो आणि आंध्रच्या किनाऱ्याला समुद्रात जातो.

पण त्याच बालाघाटाच्या दुसऱ्या उतारावर, चार पावलं पलीकडं पडलेल्या थेंबाची वाट वेगळी आहे. तुळजापूरच्या डोंगरात बोरी नदी निघते. ती नळदुर्गावरनं अक्कलकोटकडं जाते आणि पुढं भीमेला मिळते. भूम-परंड्याचं पाणी सीनेला जातं, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. आमचा जिल्हा म्हणजे घराचं आढं आहे. पावसाचं पाणी आढ्याच्या दोन्ही अंगांनी वळचणीला जातं, एक वळचण गोदावरीची, दुसरी कृष्णेची. आढ्यावर पाणी थांबत नाही. मांजरा उत्तरेच्या शिवेवरनं जाते, सीना पश्चिमेच्या शिवेवरनं. दोघी पाहुण्या, उंबऱ्याबाहेरनं जाणाऱ्या. आत ज्या नद्या आहेत, त्या सगळ्या माहेरवाशिणी. इथं जन्मतात आणि निघून जातात.

याचा अर्थ साधा आहे. आमच्या डोक्यावर दुसरा कुणी नाही. वरच्या मुलखात पाऊस झाला आणि आमच्याकडं फुकटचं पाणी आलं, असं तेरणेच्या वरच्या खोऱ्यात होत नाही. आभाळातनं जे पडेल तेवढंच आपलं. वर्षाचा पाऊस सरासरी सात-साडेसातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत.

मग उरलेले आठ महिने जुनी माणसं कशी जगली? त्यांना खडकानं जगवलं. आपली जमीन ज्वालामुखीच्या थरांची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कधी काळा पाषाण तर कधी मांजऱ्या खडक. काळा पाषाण घट्ट, त्यात भेग असेल तरच पाणी. मांजऱ्या मऊ, छिद्रांचा. तो झिजला की पाणी धरतो. विहीर खणणाऱ्या वडारांना हे शिकवावं लागत नसे. पहार मारली की आवाजावरनं ते सांगत, "मांजऱ्या लागला, आता पाणी हाय."

पावसाचं पाणी या मुरमात आणि मांजऱ्यात मुरतं. पुढं आठ महिने ते उताराकडं हळूहळू सरकतं आणि नदीच्या दरडीतनं, तळातनं झिरपत बाहेर येतं. पाऊस संपल्यावर नदीत जे पाणी दिसतं, ते पावसाचं नसतं, जमिनीनं परत दिलेलं असतं. आज्जाच्या काळात शिमग्याला जी धार होती, ती भाद्रपदातल्या पावसाची ठेव होती. मी ही गोष्ट आमच्या पोरांना अशी सांगतो: नदी म्हणजे शिवारातल्या सगळ्या विहिरींची एक उघडी विहीर. विहिरींतलं पाणी वर असलं तर ते नदीत येतं, विहिरी खाली गेल्या तर नदीतलं पाणी उलट जमिनीत शिरतं. नदी वाहते तोवर समजायचं, जमिनीच्या पोटात शिल्लक आहे.

या शिल्लकीवर एकेकाळी केवढं राज्य उभं होतं, ते बघायचं तर तेरला जावं. धाराशिवपासून ते विसेक किलोमीटरवर आहे. आज आपण त्याला गोरोबाकाकांचं तेर म्हणतो. पण त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पुस्तक 'पेरिप्लस' म्हणून ओळखलं जातं. त्यात दक्षिणेतली दोन मोठी व्यापारी गावं सांगितली आहेत, एक पैठण आणि दुसरं पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर. तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमलीचे प्रकार गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातनं भडोचच्या बंदराला जात, असं तो लिहितो.

हे तगर कोणतं, यावर विद्वानांचा पुष्कळ खल झाला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी. कोकणातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणून त्यांच्या मुलखातही शोध झाला. १९०१ साली फ्लीट या इंग्रज पंडितानं तेर हेच तगर, असं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या मातीच्या सुबक बाहुल्या आणि रोमन वळणाचे दिवे तेरच्या पांढरीतनं निघाले. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही मिळाली. तिच्याशी जवळचं साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतनं सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे आपल्या मुलखातला हस्तिदंताचा माल त्याआधी तिथं पोहोचला होता! तेरच्या लामतुरे संग्रहालयात ही तेरची बाई बघायला मिळते. बघून या.

त्याच पेरिप्लसात भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाची यादी आहे. तिच्यात पहिल्यांदा नाव येतं ते द्राक्षाच्या मद्याचं. इटलीचं सगळ्यात पसंतीचं, शिवाय सीरियाकडचं लाओदिकियाचं आणि अरबस्तानाचं. नेवाशाच्या उत्खननात तर असं मद्य आणि तेल आणणाऱ्या दोन कानांच्या रांजणांची खापरंही मिळाली आहेत. मला या यादीची मोठी गंमत वाटते. दोन हजार वर्षांपूर्वी तेरणेच्या काठावरचं कापड समुद्राकडं जात होतं आणि द्राक्षाचा रस समुद्रावरनं येत होता. आज तेरणेच्या आणि बोरीच्या खोऱ्यात द्राक्षं लावतो आपण, आणि ती समुद्रापार जावीत म्हणून जिवाचं रान करतो. कापडाच्या गाड्यांबरोबर तेरणा भडोचला गेली नव्हती. द्राक्षाच्या पेटीत मात्र ती बसून जाते. द्राक्षात पाण्याशिवाय दुसरं फारसं असतंच काय?

तेर एवढं मोठं झालं, तरी त्यानं नदी आटवली नाही. कापूस या काळ्या मातीत पावसाच्या ओलीवर येतो. रंगाऱ्याला, कुंभाराला, धोब्याला पाणी लागे, पण ते वापरून परत नदीत जाई. गोरोबाकाका त्याच काठावरचे, तेराव्या शतकातले. चिखल तुडवताना भजनात त्यांचं भान हरपलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्या कथेत चिखलाकडंही बघतो. मडक्याला लागणारी चिकण गाळाची माती नदीच देते. उन्हाळ्यात धार बारीक झाली की लोक वाळूत झिरा उकरत, नारळाच्या करवंटीनं पाणी भरत. आमच्या आज्जीचा हिशेब होता, "झिरा गुडघ्याइतका खोल गेला की चैत संपला समज, कमरेइतका गेला की मिरगाची वाट बघ." नदी तिचा पंचांग होती.

शेताला पाणी मोटेनं. बैलजोडी धावेवरनं खाली जायची, मोट वर येऊन थारोळ्यात ओतली जायची, बैल उलट्या पावली मागं सरायचे. बैलाचा दम हीच पाण्याची मर्यादा. विहीर पाच-सहा पुरुष खोल, म्हणजे मुरूम आणि फार तर मांजऱ्यापर्यंत. त्याखालच्या पाण्याला हात लावायची कुणाची ताकदच नव्हती. जुनी माणसं फार शहाणी होती, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडं मोटर नव्हती. नदी शिमग्यापर्यंत वाहायची ती काही पुण्याईनं नव्हे, बैल थकायचे म्हणून.

राजांची तऱ्हा वेगळी. त्यांना पाणी अडवायची हौस होती आणि माणसंही होती. बालाघाटाच्या पलीकडच्या वळचणीला नळदुर्गात आदिलशाहीच्या काळात बोरी नदीला किल्ल्याच्या अंगाखांद्यावरनं वळवली. नदीवर बांध घातला आणि बांधाच्या पोटात महाल केला, तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतलं हे काम, साल १६१३. पावसाळ्यात बांध भरला की दोन सांडव्यांवरनं पाणी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर पडतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षं झाली, बांध अजून उभा आहे. पूर आला की सांडव्यानं वाट द्यायची आणि उरलेलं धरून ठेवायचं, एवढा साधा नियम दगडात लिहून ठेवलाय. लाखभर पर्यटक तो पडदा बघून जातात, नियम थोडेच वाचतात.

आमच्या पिढीनं पाणी पहिल्यांदा नसलेलं बघितलं ते १९७२ साली. त्या वर्षी नदी पोळ्यालासुद्धा वाहिली नाही. बैल विहिरीच्या थारोळ्यात धुतले. गावं खडी फोडायला गेली, लेकरांना सुकडी मिळाली. त्या दुष्काळी कामांत जागोजाग पाझर तलाव झाले. माझे वडील त्यातल्या एका तलावावर माती वाहायला होते. "पोटासाठी माती उचलली, पण ती पाण्याच्या कामाला आली," असं ते म्हणायचे. पाझर तलावाचं पाणी कालव्यानं कुठं जात नाही. ते जागेवर मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. नदीची शिल्लक वाढवणारं ते काम होतं.

तेरला तेरणा मध्यम प्रकल्पाचं धरण आणि माकणीला निम्न तेरणा, या कामांनी पाण्याची जागा बदलली. मग आली ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. तेरणेच्या खोऱ्यातली सास्तूर, किल्लारी आणि भोवतालची गावं क्षणात बसली. आठ ते दहा हजार माणसं गेली. माकणीच्या जलाशयामुळं भूकंप झाला का, यावर भूवैज्ञानिकांत वर्षानुवर्षं चर्चा झाली. कुणी तसं मानलं, कुणी म्हणालं, जुन्या खडकातला ताण मोकळा झाला. मी त्या वादात पडत नाही. मला दिसलं ते वेगळं. ती गावं नदीकाठाला होती, कारण पाणी डोक्यावर वाहून आणता येईल एवढ्या अंतरावरच गाव बसतं. दगड आणि पांढरी माती नदीच्या अंगाची, म्हणून भिंती दीड-दोन हात रुंद आणि वर मातीचं माळवद. तेच अंगावर आलं. पन्नासेक गावं उठून नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या वसाहतींत गेली. तिथं हातपंप आले, टाक्या आल्या. बायांच्या डोक्यावरची घागर उतरली, हे फार चांगलं झालं. पण नदीवर रोज जाणारं माणूस संपलं. नदी कोणत्या सणाला आटली, हे सांगणारं कुणी राहिलं नाही. जिथं भूकंपाची झळ पोहोचली नव्हती, त्या गावांतही नळ आला आणि तेच झालं.

याच सुमाराला आमच्या भागात द्राक्षानं पाय रोवला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं नान्नज म्हणजे आमच्या बागायतदारांचं जणू पंढरपूर. तिथल्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती निवडून पुढं आणल्या. काटी, सावरगाव, तामलवाडीकडं आणि पुढं धाराशिव तालुक्यातही मांडव उभे राहिले. सोलापूर रस्त्यानं जाताना हिरव्या मांडवांच्या ओळी दिसतात, त्या मागच्या तीस-चाळीस वर्षांतल्या. २००१ साली राज्यानं वाइनचं धोरण आणलं आणि नाशिककडं कारखाने उभे राहिले. आमच्याकडं मात्र द्राक्ष खायचं आणि बेदाण्याचं. माल मुंबईला, दिल्लीला, परदेशी, आणि दर पडला तर शेडवर वाळवून तासगावच्या बाजाराला.

द्राक्ष हे मुळात पाणीखाऊ पीक नाही, हे आधी सांगायला हवं. वेल तहान सोसते. फ्रान्समधल्या नावाजलेल्या वाइनच्या बागांत वेलीला वरून पाणी द्यायला कित्येक वर्षं बंदीच होती. तिथली समजूत अशी, की वेल थोडी तहानली तर मुळं खोल जातात आणि मण्यात रस दाट होतो. बोर्दोच्या बागा नदीनं टाकलेल्या गोट्यांच्या भरावावर आहेत. पाणी लगेच निथरून जातं. पण तिथं पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो आणि वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडं वेलीला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. म्हणजे पुढच्या वर्षीची काडी तयार होते ती नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आभाळात पाणी नसतं, नदीत नसतं आणि विहिरीतही नसतं. शिवाय आपल्याला मणी हवा फुगीर. वाइनचा मणी बारीक चालतो, बाजारचा चालत नाही.

हिशेब मांडून बघा. नऊ फुटांवर ओळ आणि पाच फुटांवर वेल धरली, तर एकरी ९६८ वेली बसतात. उन्हाळ्यात ठिबकनं वेलीला दिवसाला वीस लिटर दिलं, तर एकराला रोज एकोणीस हजार लिटरच्या वर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे दोन टँकर. एप्रिल-मे असे साठ दिवस धरले, तर अकरा-बारा लाख लिटर. आता दुसरी बाजू बघा. त्याच एकरावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर आभाळानं अठ्ठावीस लाख लिटर पाणी दिलेलं असतं. म्हणजे देणं कमी नाही. पण त्यातलं बरंचसं माती आणि पिकं पितात, काही उडून जातं, काही नदीनं वाहून जातं. मुरतं ते थोडं. आणि जे मुरतं, त्यावर फक्त बागेचा हक्क नसतो. उसाचा असतो, प्यायच्या पाण्याचा असतो आणि नदीचाही असतो. उसाला तर द्राक्षाच्या कितीतरी पट पाणी लागतं. म्हणून सगळं खापर द्राक्षाच्या माथी फोडणंही खरं नाही.

बैलाच्या जागी आधी डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटर, आणि मग बोअरची गाडी. विहिरीचं पाणी हे मुरमातलं, चालू खात्यातलं. बोअर त्याच्याखाली काळ्या पाषाणातल्या भेगांत जातं. दोनशे फूट, चारशे, सहाशे, आठशे. खालचं पाणी फार हळू भरतं. शिवाय बोअरच्या उभ्या भोकातनं वरच्या मांजऱ्यातलं पाणीही खाली उतरतं, आणि नदीला झिरपणारी वाट तुटते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानं शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केलीय. आमच्याकडं बोअरच्या गाड्या दोनशे फुटांवर नुसता चहा प्यायला थांबतात.

माझ्या पुतण्याची दोन एकर बाग आहे. एका उन्हाळ्यात त्यानं चौथं बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या नारळ हातावर घेऊन शिवारभर फिरून गेला होता. मी म्हणालो, "आरं, तीन बोअर कोरडी पडली की. चौथ्याला कुठनं येणार?"

"काका, बागेला पाणी न्हाई दिलं तर काडी वाळंल. काडी वाळली तर पुढच्या साली घड न्हाई. बँकेचं घड्याळ काय थांबतंय का?"

"आन् नदीचं काय?"

"नदीला काय कर्ज हाय व्हय?"

त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. याच बागेवर त्यानं घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, पोरीला लातूरला शिकायला ठेवलं. कोरडवाहू तुरी-सोयाबीनवर हे झालं नसतं. बोअर मारलं. सहाशे फुटांवर फुपाटा उडाला. पांढऱ्या धुळीनं शेजारच्या वेली माखल्या. दोन महिने टँकरवर बाग धरली, आणि टँकर भरला जात होता तो खालच्या गावच्या दुसऱ्याच्या बोअरवर. म्हणजे पाणी तेरणेचंच, फक्त रस्त्यानं आलं.

पुढच्या वर्षी त्यानं शेततळं केलं. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, कडा उतरत्या. अशा तळ्यात साधारण बावीस लाख लिटर पाणी मावतं. पावसाळ्यात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी त्यात घेतलं, तर ती मोठी सोय आहे. पण पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद अंथरून हिवाळ्यात बोअरच्या पाण्यानं तळं भरतात. म्हणजे सावलीत, खडकाच्या पोटात असलेलं पाणी उपसून उन्हात मांडायचं, आणि वर आभाळाला त्याचा वाटा द्यायचा. नदी येळवसेऐवजी दिवाळीला का थांबते, त्याचं उत्तर मला तिथं मिळालं. येळवसेपर्यंत तिच्यात जे पाणी झिरपत यायचं, ते आता दिवाळीच्या आधीच शेततळ्यांत वर येऊन बसलेलं असतं.

पाणी बाहेरनं आणू, असं आता सगळे म्हणतात. काही अंशी ते झालंही आहे. धाराशिव शहराला उजनीचं, म्हणजे भीमेचं पाणी शंभरेक किलोमीटरच्या नळानं डोंगर चढून येतं. कृष्णेच्या खोऱ्यातनं मराठवाड्याला पाणी द्यायची उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं चालू आहे. २०१६च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. गावोगावच्या लोकांनी ती गाडी कौतुकानं बघितली. मी मनात हिशेब केला, पाच लाख लिटर म्हणजे एक एकर बागेचा एका महिन्याचाही पुरवठा नव्हे.

आणि नऊ वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरात, भूम-परंड्याकडं असा पाऊस झाला की माणसं घराच्या छतावर चढून बसली. सीनेच्या काठची शेतं मातीसकट वाहून गेली. बागांत पाणी साचून मुळं कुजली, डावण्यानं कोवळी पानं गेली. त्याही वर्षी लोक म्हणाले, "आता दोन वर्षं पाण्याची चिंता न्हाई." पण पूर म्हणजे साठा नव्हे. आढ्यावरचं पाणी जितकं जोरात पडतं, तितकं जोरात वळचणीला जातं. मुरायला त्याला वेळ लागतो, थांबायला जागा लागते आणि गाळानं न भरलेला तलाव लागतो. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी माती वाहिलेला तो पाझर तलाव आज निम्म्याहून जास्त गाळानं भरलाय.

आमच्या जिल्ह्याला पाणी वरनं देणारा कुणी नाही, हे भूगोलानं ठरवलेलं आहे, ते बदलायचं नाही. पण मुरलेल्या पाण्यातलं किती उपसायचं आणि किती नदीला सोडायचं, हे भूगोलानं ठरवलेलं नाही. ते पूर्वी बैल ठरवायचे. आता माणसांनी बसून ठरवायला हवं. कुणी एकट्यानं ठरवून भागत नाही. माझ्या पुतण्यानं उद्या मोटर बंद केली, तर त्याच्या वाटचं पाणी बांधापलीकडचं बोअर ओढणार, हे त्यालाही कळतं आणि मलाही. गावानं मिळून एकरांचा हिशेब मांडला, ऊस किती, बाग किती, ते पावसाळ्याअखेर विहिरीचं पाणी बघून ठरवलं, पाझर तलावातला गाळ उचलला आणि शेततळी ओढ्यावर भरली, तर त्यात कुणाचं कर्ज बुडत नाही.

त्यासाठी आधी मोजलं पाहिजे. मोठी यंत्रं नकोत. गेल्या तीन वर्षांपासून आम्ही मारुतीच्या देवळाच्या आतल्या भिंतीवर गेरूनं एक ओळ लिहितो. पुलाखालची धार ज्या दिवशी थांबली, तो दिवस. पहिल्या वर्षी नरक चतुर्दशी. दुसऱ्या वर्षी, पाऊस कमी होता, तर घटाची चौथी माळ. तिसऱ्या वर्षी पावसानं झोडपलं आणि धार चंपाषष्ठीपर्यंत आली. येळवस तिथनं फार लांब नाही. पुतण्या रोज संध्याकाळी बागेतनं येताना पुलावर गाडी थांबवतो आणि खाली बघतो. चंपाषष्ठीची ओळ त्यानंच लिहिली.